वस्तीची गाडी

“आमची गाडी तुम्ही मारलीत,” माईक ओठांना लावून आग्नेल म्हणाला. “आणि आज तिच्या तेराव्याला आम्हालाच विचारायला आलात, जेवणात काय काय हवं म्हणून.”

शाळेचा हॉल हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली. टेबलामागे बसलेल्या एसटी आगाराच्या मॅडमनी पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले आणि पाणी न पिताच पुन्हा लावले. त्यांच्या डोक्यावर कापडी फलक होता, ग्रामीण बससेवा सुधारण्यासाठी प्रवाशांच्या सूचना. त्याचा एक कोपरा सुटला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने तो मॅडमच्या केसांना लागत होता. कुणी उठून तो बांधला नाही. खारेवाडीचे लोक आज पाहुणचार करायला आले नव्हते.

“सूचना कसल्या मागता? माझ्या बापाच्या वेळेपासून रात्री ती गाडी इथे वस्तीला यायची. उजाडायच्या आधी सुटायची, मालवण, कसाल करत कुडाळला जायची. तिच्यावर इथली पोरं शिकली. इथले म्हातारे दवाखान्यात पोचले. तुम्ही खुर्चीत बसून एक रेघ ओढलीत आणि ती गेली. आता फिरवून बोलू नका. एका शब्दात सांगा. गाडी परत देणार की नाही?”

टाळ्या पडल्या. आग्नेल फर्नांडिसचे मराठी ऐकायला लोक लांबून यायचे. घरात, बाजारात तो सगळ्यांसारखाच मालवणी बोलायचा, पण साहेबासमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून छापील भाषा पडायची, तीही मिरची लावून. पंचायतीत, वीज कंपनीच्या दारात, वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांत, सगळीकडे खारेवाडीचे तोंड म्हणजे आग्नेल. गाडी बंद झाल्यापासून त्याने उसंत घेतली नव्हती. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, रस्त्यावर बसला. आजची ही सभा त्याच्याच ओरडण्यामुळे लागली होती. या आठवड्यात नव्या फेऱ्या ठरणार होत्या. आज गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर तिचे नाव पुन्हा कुणी काढणार नव्हते.

तो खाली बसला तेव्हा पँटच्या खिशात काहीतरी मोडल्यासारखे झाले. गुळाच्या खाज्याची पुडी.

टेबलाच्या अगदी कडेला, अर्धा खुर्चीत आणि अर्धा बाहेर असा बाळा बसला होता. पूर्वी तो या गाडीचा कंडक्टर होता, आता स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसायचा. मॅडमबरोबर आला तेव्हा सगळ्यांच्या आधी तो आग्नेलकडे गेला होता. खिशातून कागदाची पुडी काढून त्याच्या हातात कोंबली होती.

“मांयक दी,” तो म्हणाला होता. “तेच्या दातांका आता झेपता काय?”

आग्नेलने मान हलवली होती. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे बाळाने विचारले नव्हते.

वस्तीची गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. गाडी रात्री गावात येते म्हणजे दोन माणसे गावात येतात, ड्रायव्हर आणि कंडक्टर. त्यांना टेकायला जागा लागते, अंघोळीला ऊन पाणी लागते, दोन घास लागतात. ते कोण देणार, हे कुठल्या कायद्यात नाही. ते गाव ठरवते आणि एकदा ठरले की ते घर ठरले. खारेवाडीत ते घर फर्नांडिसांचे. माडांत उघडणारी मागची खोली आग्नेलच्या बापाने त्यासाठी दिली, आणि तो गेल्यावर आई एस्पेरांसाने ती चालवली. चॅपेलच्या वळणावर हॉर्न वाजला की ती भाताचे आधण ठेवायची. ड्रायव्हर शिवा सोमवारी मासे खात नसे, तर त्याच्यासाठी वेगळ्या तव्यावर भाकरी आणि मुगाची उसळ. दुसऱ्या कुणी त्या दोघांना “आमच्याकडे या” म्हटले असते, तर तो एस्पेरांसाचा अपमान झाला असता. म्हणून कुणी म्हटले नाही. आणि ते दोघे रात्री खरेच कुठे झोपतात, हेही पुढे कुणी विचारले नाही. ते घर ठरलेले होते ना.

त्या घराने खोलीला कुलूप लावले, ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती.

कुलूप आग्नेलने लावले. पर्यटक वाढले होते. वरच्या दोन खोल्या तो उघडपणे देत होता, गावाने त्या बघितल्या होत्या, कौतुकही केले होते. पण लोकांना माडांत उघडणारी खोली हवी असायची. बायको मेल्विना एकदा सहज बोलली, मागची खोली रिकामी असती तर. रिकामी करायला आग्नेलला एक वाक्य पुरले.

“रूम दुरुस्तीक काढलंय रे बाळा. दोन-तीन म्हयने बघा खंय तरी.”

बाळाने बरं म्हटले. खोलीत फरश्या आल्या, एसी आला, काचेचे दार आले. दुरुस्ती संपली, पण ते दोघे परत आले नाहीत, कारण परत या असे त्यांना कुणी सांगितले नाही. चॅपेलच्या वळणावर गाडी उभी करून ते आतच झोपू लागले. आणि आग्नेल तेवढ्यावर थांबला नाही. बाळाला बाजूला घेऊन त्याने सांगितले, वळणावर हॉर्न वाजवू नका, मांयची झोप मोडता. म्हातारी कितीतरी रात्री चुलीशी हॉर्नची वाट बघत बसायची. गाडीचा टायम बदलला असेल, असे तो तिला सांगायचा. गाडी शंभर पावलांवर उभी असायची.

मग पाऊस लागला. गाडीच्या छतातून पाणी गळायचे, बाहेर पाय टाकला तर घोटाभर चिखल. शिवाला ताप भरला. जिल्ह्याच्या इस्पितळात तो बरेच दिवस पडून होता आणि उठला तो अर्धा होऊन. पुन्हा स्टिअरिंग त्याला झेपले नाही. त्याच्यानंतर कुठलाच ड्रायव्हर खारेवाडीची वस्ती घेईना. एक दिवस गाडी आलीच नाही.

त्या सकाळी लोक वळणावर जमले होते. कुणीतरी म्हणाले, आग्नेल, एक अर्ज लिही. त्याने लिहिला. त्या अर्जात आगाराला घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या खऱ्या होत्या. खिडक्या फुटलेल्या, फेऱ्या न सांगता रद्द, तक्रार करावी तर फोन कुणी उचलत नाही. खऱ्या शिव्यांच्या आड एक खोटे सहज लपते. पुढे तर बोलता बोलता त्याला स्वतःलाच वाटू लागले की गाडी यांनीच मारली. फक्त घरी जाऊन मागचे काचेचे दार दिसले की तो नजर वळवायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्याने बोलायचा.

हॉलमध्ये आता एकेक जण उठत होता. माईक फिरवायचे काम संचिताकडे होते. वाडीतल्या मथुराची ही मुलगी कुडाळला नर्सिंग शिकत होती. वस्तीची गाडी होती तोवर ती वेळेवर पोचायची. आता ती उजाडायच्या आधी मासळीच्या टेम्पोत बसून कसालपर्यंत जायची, नर्सचा पांढरा ड्रेस प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन, आणि स्टँडवरच्या संडासात कपडे बदलून पुढची गाडी धरायची. तरी अंगाचा वास जात नाही, असे तिला वॉर्डात सगळ्यांसमोर ऐकवले होते. मथुराने ते रडत रडत गावाला सांगितले होते आणि आग्नेलने ते एका पत्रात घातले होते, चांगले रंगवून.

मथुराने माईक हातात घेतला नाही. तो चावेल की काय असे बघत ती लांबूनच बोलली. गाडी आली नाही तर पुढच्या महिन्यापासून पोरीला घरी बसवणार. टेम्पोवाला बरा माणूस आहे, पण लोकांची तोंडे बरी नाहीत.

एवढेच बोलून ती बसली. संचिता माईक घेऊन पुढच्या माणसाकडे गेली. तिचा चेहरा काही सांगत नव्हता.

मॅडमनी सगळे ऐकून घेतले. दोन महिन्यांपूर्वीच त्या इथे बदलून आल्या होत्या, गाडी बंद झाली तेव्हा त्या दुसऱ्याच जिल्ह्यात होत्या. पण ते त्यांनी पुढे केले नाही. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “फर्नांडिस साहेबांनी एका शब्दात उत्तर मागितलं. मला गाडी द्यायची आहे. प्रवासी आहेत, उत्पन्नाची अडचण कधीच नव्हती. पण वस्ती बंद झाली त्याचं कारण वेगळं आहे. गावात ड्रायव्हर-कंडक्टरच्या राहण्याची सोय नाही, असं आगाराला कळवण्यात आलं होतं. माणसं पावसात गाडीत झोपत होती. त्यातला एक जण आजारी पडला. मी पुन्हा कुणाला तसं झोपायला पाठवणार नाही.”

मग काजूवाले दाजी काठी टेकत उभे राहिले. वाडीतले सगळ्यांत वडीलधारे.

“खोटा बोलतत तुमका सांगणारे. बाई, वस्तीच्या माणसांची सोय नाय असा ह्या गावाक कोणी म्हणूक नाय आजपर्यंत. एस्पेरांसान तेंका पोटच्या झिलांसारखा सांभाळल्यान. हयच बसलो आसा तेचो झील. इचारा तेका.”

सगळ्या माना आग्नेलकडे वळल्या. त्यांत अभिमान होता. आग्नेलने खिशावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

“मी बघितलंय तेंका गाडीत झोपलेले,” वळणाजवळ राहणारी सावित्री मधेच म्हणाली. “माका वाटला, खोलयेत उकडता म्हणान.”

“पावसात उकडता तुका?” कुणीतरी विचारले, आणि पुन्हा हशा झाला.

मॅडम हसल्या नाहीत. त्या बाळाकडे वळल्या. “तुम्ही होतात ना त्या गाडीवर? मग सांगा. खोली होती की नव्हती?”

बाळा उभा राहिला. दोन्ही तळहात त्याने पँटवर पुसले. तो आग्नेलकडे बघेल असे आग्नेलला वाटले, आणि बघितले तर काय करायचे ते त्याला सुचेना. पण बाळाने बघितले भिंतीकडे. तिथे पाढे लिहिलेले होते.

“खोली होती, मॅडम,” तो म्हणाला. “आम्ही राहिलो नाही.”

“का?”

“असंच. गाडीत बरं वाटायचं.”

“मग सोय नाही असं कुणी कळवलं?”

“मी.”

“आणि तुमचा ड्रायव्हर आजारी पडला...”

“माझ्यामुळं,” बाळा म्हणाला. “तो नको म्हणत होता. मीच त्याला गाडीत ठेवून घेतला.”

आगारातल्या माणसाने आपल्याच तोंडाने आपली नोकरी धोक्यात घालावी, हे मॅडमना खरे वाटत नव्हते. त्यांनी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले, आणखी थोड्या लहान आवाजात. मग त्या म्हणाल्या की उद्या ऑफिसात लेखी खुलासा घेऊन या, पुढचे मी बघते. बाळाने मान डोलावली.

गाव मात्र खवळले. इतके दिवस ज्याच्यावर दात खायचे तो कुणी लांबचा, बिनचेहऱ्याचा साहेब होता. आता चेहरा मिळाला, तोही ओळखीचा. दाजींनी काठी बाळाच्या दिशेने केली.

“जेवलंस त्या घरात, आणि नाव घालवलंस त्याच घराचा. म्हातारी अजून तुझी आठवण काढता रे. लाज कशी वाटली नाय तुका?”

बाळा खुर्चीत पूर्ण बसला. सभेत पहिल्यांदाच. आता कडेला बसण्याचे कारण उरले नव्हते.

आग्नेलच्या कानांत पंखा फिरत होता. हा मूर्ख आहे, त्याला वाटले. मग वाटले, हा एक वाक्य बोलला असता तर सुटला असता, आणि मी संपलो असतो. ते वाक्य तो का बोलला नाही, याचे उत्तर खिशात होते. तळहाताखाली कागद ओलसर लागत होता, गुळाचा वास वर येत होता. माझ्या आईसाठी, असे तो स्वतःशी म्हणाला, आणि त्याला ते अजिबात बरे वाटले नाही.

उठावे. सांगावे. एवढेच तर होते. लोकांना उठवून बोलायला लावणारा माणूस तो, आज बाकाला चिकटून बसला होता.

“चला,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच हलकेपणा आला. “वाईटातून चांगलं निघालं. खोली आहे, म्हणजे अडचण नाही. सोमवारपासून गाडी वस्तीला येईल. ड्रायव्हरला मी स्वतः सांगते.”

टाळ्या अशा वाजल्या की फलकाचा दुसरा कोपराही सुटला. मथुराने पदर तोंडात धरला. बाक ओलांडून ती आग्नेलजवळ आली, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

“तुझे उपकार रे बाबा,” ती म्हणाली. “तू होतंस म्हणान झाला.”

आग्नेलने मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

“फक्त एक करू,” मॅडम म्हणाल्या. “या बाबतीत एकदा गोंधळ झाला आहे, म्हणून घरच्या माणसाच्या तोंडून सगळ्यांसमोर होऊ दे. फर्नांडिस साहेब, खोली आहे एवढं सांगा. ते लिहून घेते, आणि विषय संपला.”

तो उठला. उठता उठता त्याचे डोके वेगाने चालू लागले, साहेबांसमोर चालायचे तसेच. सोमवारपासून नको, सीझन संपल्यावर म्हणू. फरशी उचकटली आहे म्हणू. वरची खोली देतो म्हणू. पण वरच्याही भरलेल्या होत्या. मागच्या खोलीत काल संध्याकाळीच पुण्याचे कुटुंब उतरले होते, माडाला बांधलेल्या दोरीवर त्यांच्या पोरांचे पोहण्याचे कपडे वाळत होते, आणि मेल्विना आता त्यांच्यासाठी सोलकढी काढत असेल. मे अखेरपर्यंत ती खोली लोकांनी आधीच धरून ठेवली होती. हो म्हणावे, तर सोमवारी रात्री दोन माणसे दारात उभी. नाही म्हणावे, तर समोर मथुरा.

संचिता माईक घेऊन त्याच्यापुढे आली. तिने तो त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच्याच हातात धरून ठेवला, आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या जाळीवर घट्ट दाबला. आवाज एकदम बंद झाला. लोकांना वाटले, बिघडला.

“अंकल,” ती हळू म्हणाली, “टेम्पोवालो माका तुमच्या मागच्या कुंपणाकडे घेता. रोज सकाळी मी थंयच उभी आसतंय.”

आग्नेलने तिच्याकडे बघितले.

“काचेच्या दारातसून कोण कोण भायर पडता, ता सगळा दिसता थंयसून.”

“मगे तू...” त्याचे छापील मराठी कुठे गेले ते त्याला कळले नाही. “मगे तू आजवर कोणाक कित्या सांगूक नाय?”

“तुम्ही गाडीसाठी भांडत होतात,” ती म्हणाली. “दुसरो कोण आसा आमका भांडणारो? आणि माका वाटला, एक दिवस तुम्हीच सांगशात.”

तिच्या अंगाला आजही थोडा वास होता, सुरमईचा आणि डिझेलचा. टेबलाकडून मॅडम माईकला काय झाले ते विचारत होत्या. दाजी, पोरी, बटण दाब, असे ओरडत होते. पलीकडे बाळाने डोके वर केले होते आणि आता पहिल्यांदाच तो सरळ आग्नेलकडे बघत होता. नको, असे काहीतरी तो मानेने सांगत होता.

आग्नेलचा हात खिशात गेला आणि पुडीचा कागद फाटला.

संचिताने माईकवरचा तळवा उचलला. स्पीकर खरखरला. तिने माईक आधी आपल्या तोंडाशी नेला, आणि ती बोलली ते मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले.

“अंकल, एका शब्दात सांगा. खोली आसा काय नाय?”

आणि माईक त्याच्या ओठांना लावून ती उभी राहिली.